मोठं जहाज, लांबचा काठ

१३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून ‘गंगा विलास’ निघालं तेव्हा बातम्यांचा सूर एकच होता: जगातला सर्वांत लांब नदीप्रवास. ५१ दिवस, सुमारे ३,२०० किलोमीटर, वाटेत बांगलादेश आणि शेवटी आसामातलं दिब्रुगड. दोन-तीन दिवस उलटतात न उलटतात तोच बिहारमध्ये छपऱ्याजवळ जहाज रुतल्याची बातमी आली. रुतलेलं नाही, असा अधिकृत खुलासाही लगोलग झाला. मग रुतलं की नुसतं थांबलं, यावर लोकांनी यथेच्छ भांडून घेतलं. त्या गदारोळात खुलाशातलीच एक साधी गोष्ट मागे पडली. काठाजवळ पाणी उथळ होतं, म्हणून जहाज पात्रात नांगर टाकून उभं राहिलं आणि प्रवाशांना लहान बोटींतून चिरांदला नेण्यात आलं. चिरांद हे गंगाकाठचं नवाश्मयुगीन वस्तीचं ठिकाण. तिथल्या उत्खननात हाडांची आणि हरणांच्या शिंगांची हत्यारं मोठ्या संख्येनं सापडली आहेत. म्हणजे जे बघायला माणसं इतक्या लांबून आली होती, तिथवर त्यांना पोचवलं ते लहान बोटींनी. ६२ मीटर लांबीच्या जहाजाकडे काम उरलं ते त्यांना जेवू-झोपू घालण्याचं.

जलपर्यटनाची योजना आखायला बसलं की सरकारांना आधी जहाज दिसतं. जहाजाचा फोटो चांगला येतो, त्याला हिरवा झेंडा दाखवता येतो. धक्क्याच्या पायऱ्यांना कोण झेंडा दाखवणार? पण नदीतून किंवा कालव्यातून फिरण्याची सगळी गंमत आणि काठाच्या गावांना होणारा सगळा फायदा त्या पायऱ्यांवरच ठरतो. बोट कुठे लागते, किती वेळा लागते, उतरलेल्या माणसाला परत चढायला दुसरी बोट मिळते का, यावर. म्हणून माझं म्हणणं असं, की अंतर्गत जलमार्गांवरच्या पर्यटनासाठी सार्वजनिक पैसा खर्चायचाच असेल तर तो मोठ्या जहाजांसाठी पात्र खोल करण्यात घालू नये. तो लहान बोटींचे धक्के, वेळापत्रकाप्रमाणे चालणाऱ्या लाँच आणि जुन्या कालव्यांची डागडुजी यांत घालावा.

बोटीतून कालव्याचा प्रवास म्हणजे नेमकं काय, हे एक जलपाश पार करताना कळतं. कालव्याची पातळी जिथे बदलते तिथे दोन दारांमधली एक दगडी खोली असते. खाली उतरायचं असेल तर बोट भरलेल्या खोलीत शिरते, मागचं दार बंद होतं. मग बोटीवरचं कुणीतरी हातात लोखंडी हँडल घेऊन काठावर चढतं आणि पुढच्या दाराच्या झडपा एकेक दात करत उचलतं. पाणी धो-धो बाहेर पडायला लागतं, बोट खाली जाते, दोन्ही बाजूंना शेवाळलेल्या भिंती वर वर चढत जातात. या वेळी सुकाणूवरच्या माणसाचं लक्ष मागे हवं. वरच्या दाराच्या पायथ्याशी दगडी उंबरठा पाण्याखाली दडलेला असतो; पाणी उतरताना बोटीचं बूड त्यावर अडकलं तर पुढचा भाग खाली आणि मागचा वर अशी बोट कलंडते. दोर खुंट्याला गच्च बांधून ठेवला तरी पंचाईतच, कारण बोट खाली जाणार आणि दोर तिला वर धरून ठेवणार. पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखी झाली की दाराच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून रेटायचं. दार आधी हलतच नाही, आणि मग अचानक हलकं होतं. हे सगळं व्हायला पाव तास तरी जातो. तेवढ्यात समोरून वर येणारी बोट थांबलेली असते, काठावरून चालणारा कुणी दांडा रेटायला हात लावतो, पुढे पाणी किती आहे, रात्री कुठे बांधावी, याची चौकशी होते.

इंग्लंडमध्ये डिवायझेस या गावाशी केनेट-अ‍ॅव्हन कालव्याला असे २९ जलपाश सुमारे सव्वातीन किलोमीटरमध्ये आहेत. त्यातले १६ तर एकामागोमाग एक सरळ उतारावर. ही चढण चढायला दिवसाचा मोठा भाग जातो. चढून गेलेला माणूस थेट पुढच्या मुक्कामाला निघत नाही. तो बोट बांधतो आणि गावात जातो. पर्यटन खात्यांना हवी असलेली ‘मुक्कामाची लांबी’ इथे आपोआप मिळते, कारण प्रवासाचा वेगच थांबायला लावणारा आहे. त्या देशातल्या अरुंद कालव्यांवर वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतकी.

थांबे किती दाट असू शकतात याचं माझं आवडतं उदाहरण दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यू मिदीवरचं. पिएर-पॉल रिके या माणसानं १६६६ ते १६८१ या काळात तूलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा सुमारे २४० किलोमीटरचा हा कालवा खणून घेतला, आणि तो सुरू होण्याच्या काही महिने आधीच वारला. बेझिए शहराच्या अलीकडे मालपास नावाची टेकडी आडवी आली तेव्हा त्यानं तिच्यातून बोगदा पाडला. बोटी जाऊ शकतील असा कालव्यासाठीचा जगातला हा पहिला बोगदा मानतात. बोटीतून तो दोन-चार मिनिटांत संपतो. बहुतेक जण फोटो काढून पुढे जातात. पण बोट बांधून टेकडीवर चढलं तर वर एन्सेरूनची रोमनपूर्व वसाहत आहे, आणि तिथून खाली बघितलं की मोंतादीचं तळं दिसतं. तळं म्हणजे, होतं. १३व्या शतकात ते आटवून शेतीखाली आणलं, आणि पाणी मध्याकडे वाहावं म्हणून चर खणले, त्यामुळे शेतांच्या लांबट पट्ट्या चाकाच्या आऱ्यांसारख्या एका बिंदूकडे धावतात. मध्यावर गोळा झालेलं पाणी बाहेर कुठून जातं? त्याच टेकडीच्या पोटातल्या मध्ययुगीन बोगद्यातून. पुढे १९व्या शतकात रेल्वेवाल्यांनी तिथेच आपलाही बोगदा काढला. एका टेकडीखाली तीन काळांतले तीन बोगदे, आणि हे सगळं धक्क्यापासून पायी. यासाठी काठावर लागतात चार खुंट, एक पायवाट आणि एक पाटी.

आता मोठ्या नद्यांकडे वळू. १९९२ मध्ये ऱ्हाइन-माइन-डॅन्यूब कालवा पूर्ण झाला आणि उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत युरोप आरपार बोटीनं जाता येऊ लागला. कालवा मालवाहतुकीसाठी बांधला होता. अपेक्षेएवढा माल काही आला नाही, पर्यटक मात्र भरपूर आले. त्यांच्यासाठी बांधलेली जहाजं आज ११० ते १३५ मीटर लांब आणि ११.४ मीटर रुंद असतात. हे आकडे जलपाशांच्या मापावरून ठरलेले आहेत, सौंदर्यदृष्टीशी त्यांचा काही संबंध नाही. एका जहाजात दीडशे-दोनशे प्रवासी असतात. गर्दीच्या शहरांत धक्का अपुरा पडतो, म्हणून ही जहाजं एकमेकांना खेटून दोन-दोन, तीन-तीन रांगेत बांधतात. तिसऱ्या जहाजातल्या प्रवाशाला गावात जायचं तर आधीच्या दोन जहाजांच्या स्वागतकक्षांतून जावं लागतं, आणि डॅन्यूबच्या ऐन मध्यभागी त्याच्या खिडकीतून दिसतो तो शेजारच्या जहाजातल्या खोलीचा पडदा.

ऑस्ट्रियात वाखाऊ खोऱ्यातलं ड्यूर्नस्टाइन हे हजाराहूनही कमी वस्तीचं गाव आहे. इंग्लंडचा राजा रिचर्ड याला ११९२ च्या अखेरीस इथल्या किल्ल्यात कैद करून ठेवलं होतं, त्यामुळे डॅन्यूबवरच्या कार्यक्रमपत्रिकांत या गावाचं नाव येतंच. एक जहाज लागलं की गावाच्या लोकसंख्येच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी माणसं एकदम उतरतात. दोन जहाजं लागली तर विचारायलाच नको. हे लोक न्याहारी जहाजावर करून आलेले असतात, दुपारचं जेवण जहाजावर वाट बघत असतं, झोपायची खोली तर तिथे आहेच. वाटाड्याच्या मागून एका गल्लीत जायचं, किल्ल्याकडे मान वर करून बघायचं आणि ठरलेल्या वेळी परत यायचं. गावाच्या वाट्याला गर्दी येते, मुक्काम येत नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरपालिकेनं २०२४ मध्ये शहरात येणाऱ्या नदीपर्यटनाच्या जहाजांची संख्या २०२८ पर्यंत जवळजवळ निम्म्यावर आणायचं ठरवलं. शतकानुशतकं बोटींवर जगलेल्या शहरावर ही वेळ आली, हे नव्यानं जहाजांना आमंत्रण देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

मोठ्या जहाजांच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे आणि ते मी टाळणार नाही. गुडघे दुखणाऱ्या, चाकाच्या खुर्चीवर असणाऱ्या, रोज सामान बांधून नवं हॉटेल शोधण्याची ताकद न उरलेल्या माणसाला ही जहाजं दहा ठिकाणं दाखवतात. जलपाशाचं दार रेटणं त्याला जमणार नाही. शिवाय जहाजावर खलाशी, स्वयंपाकी, सफाईवाले असे रोजगार असतात. मुद्दा मान्य आहे. पण यावरून मोठी जहाजं असू द्यावीत इतकंच सिद्ध होतं. त्यांच्यासाठी नदी बदलावी, हे सिद्ध होत नाही. वृद्धांची आणि अपंगांची खरोखर काळजी असेल तर धक्क्यावर उतार बांधा. बहुतेक ठिकाणी पायऱ्यासुद्धा धड नसतात.

नदी बदलण्याचा प्रश्न खरा गंभीर आहे. मोठ्या जहाजाला ठरावीक खोली लागते, आणि नदी तशी हमी देत नाही. २०१८ आणि २०२२ च्या कोरड्या उन्हाळ्यांत ऱ्हाइन इतकी उतरली की २०२२ च्या ऑगस्टमध्ये काउब इथल्या मोजपट्टीवर ४० सेंटिमीटरच्याही खाली आकडा गेला. (मोजपट्टीचा आकडा म्हणजे पात्राची खोली नव्हे, मुख्य मार्गात पाणी त्याहून जास्त असतं, पण बातमीदारांनी नदी गुडघाभर झाल्याचं छापलंच.) कमी पाण्याच्या अशा दिवसांत नदीप्रवासाला निघालेल्या लोकांना बसमध्ये बसवून पुढच्या जहाजापर्यंत नेतात. यावर दोन उपाय निघतात. एक, पाण्याला साजेशी बोट वापरणं. दुसरा, बोटीला साजेशी नदी बनवणं, म्हणजे गाळ उपसणं, बांध घालणं, काठ दगडांनी बांधून काढणं. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या सुमारे ७० किलोमीटरच्या पट्ट्यात डॅन्यूब अजून मोकळी वाहते. तिथे बंधारा घालून जहाजांसाठी खोली वाढवावी का, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं, आणि अखेर २०१३ मध्ये राज्य सरकारनं बंधारा न घालण्याचा निर्णय घेतला. काम झालं ते सौम्य स्वरूपाचं. जलवाहतूक थांबली नाही; जहाजांना पाण्याप्रमाणे माल कमी-जास्त करावा लागतो, एवढंच.

गंगेवर हाच प्रश्न आहे, आणि तिथे मोजायला आणखी एक जीव आहे. हल्दिया ते प्रयागराज हा १,६२० किलोमीटरचा पट्टा १९८६ मध्ये राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ झाला. त्यात हल्दिया ते बाढ ३ मीटर, पुढे गाझीपूरपर्यंत २.५ मीटर आणि वाराणसीपर्यंत २.२ मीटर खोली राखण्याचं उद्दिष्ट आहे. याच मार्गावर बिहारमध्ये सुलतानगंज ते कहलगाव विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य आहे, १९९१ मध्ये जाहीर झालेलं. गंगेतला डॉल्फिन, म्हणजे सूस, जवळजवळ आंधळा असतो. तो आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासा शोधतो. उथळ पाण्यात इंजिनांचा आणि गाळ उपसणाऱ्या यंत्रांचा गोंगाट वाढला की त्याला अंधारात तर राहावं लागतंच, वर ओरडूनही बोलावं लागतं. या प्राण्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान दिलेला आहे. पर्यटकांना दाखवायच्या यादीत तो आहेच, आणि तो बघायला सर्वांत चांगलं साधन म्हणजे इंजिन बंद करून प्रवाहाबरोबर सोडलेली होडी. गाळ उपसण्याचा खरा हेतू मालवाहतूक असतो, हे मला ठाऊक आहे. मालासाठी गाळ उपसायचा की नाही, हा वेगळा हिशेब, तो वेगळाच मांडावा. पर्यटनाचं नाव त्यात तोंडी लावायला घेऊ नये.

लहान बोट म्हणजे आपोआप सोज्वळ, असं मात्र कुणी समजू नये. केरळात वेंबनाड सरोवर २००२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, आणि त्याच पाण्यावर हाउसबोटींची रांग लागते. एकेक बोट लहानच. पण अशा शेकडो बोटींचं सांडपाणी, डिझेलचा तवंग आणि रात्रभर चालणारे जनरेटर एकत्र केले की जहाज बरं म्हणायची पाळी येते. ७ मे २०२३ रोजी मलप्पुरम जिल्ह्यात तानूरजवळ पर्यटकांची बोट उलटून २२ जण गेले; बोटीत क्षमतेपेक्षा फार जास्त माणसं भरलेली होती. म्हणजे बोटींच्या संख्येला मर्यादा, मैला काठावर उपसून घेण्याची सोय, आणि धक्क्यावर उभं राहून माणसं मोजणारा आणि जादा झालेल्यांना खाली उतरवण्याचा अधिकार असलेला कर्मचारी, एवढं तरी हवंच. यातलं काहीच झेंडा दाखवण्याजोगं नाही, म्हणूनच बहुधा ते राहून जातं.

पण त्याच केरळात याच पाण्यावर दुसरं उदाहरणही आहे, आणि मला ते सगळ्यांत पटतं. १९६८ मध्ये स्थापन झालेलं राज्य जल परिवहन खातं आलप्पुळा, कोट्टायम, वैकम या भागांत साध्या प्रवासी बोटी चालवतं. आलप्पुळ्याहून कोट्टायमला जाणाऱ्या बोटीत दप्तरं घेतलेली मुलं असतात, बाजाराला निघालेल्या बायका असतात आणि त्यांच्याच बाकावर कॅमेरा घेतलेला पर्यटक असतो. बोट धक्क्याला पुरती लागतही नाही तोच अर्धे लोक उडी मारून उतरलेले असतात. पर्यटक हवं तिथे उतरू शकतो, कारण मागून दुसरी बोट यायची आहे. २०१७ पासून वैकमहून पलीकडच्या काठावर ‘आदित्य’ ही ७५ आसनांची सौरबोट चालते. तिला आवाज नाही, धूर नाही, आणि ती रोज कामावर जाणाऱ्यांसाठी आहे. पर्यटकांसाठी वेगळं काहीही न बांधता तिथे पर्यटन होतं. ऱ्हाइनच्या मधल्या खोऱ्यातही कोब्लेंझ ते रूदेसहाइम वेळापत्रकाच्या बोटी आहेत. बोपार्ड, सांक्ट गोआर, बाखाराख, वाटेल तिथे उतरा, किल्ला बघा, पुढची बोट पकडा. मुक्काम कुठे करायचा ते प्रवासी ठरवतो, त्यामुळे गावातल्या साध्या खाणावळीला आणि भाड्याच्या खोलीला गिऱ्हाईक मिळतं. गावकऱ्यांची बोट आणि पाहुण्यांची बोट एकच असली की आणखी एक गोष्ट होते: मोसम संपल्यावर सेवा बंद पडत नाही आणि धक्का मोडला तर तक्रार करणारं कुणीतरी वर्षभर तिथे असतं.

राहता राहिला पैसा, आणि इथे माझ्याकडे सोपं उत्तर नाही. जुने कालवे वाचवले ते पर्यटकांनी, हे खरंच आहे. १९४६ मध्ये टॉम रोल्ट आणि रॉबर्ट एकमन यांनी पुढाकार घेऊन इंग्लंडमध्ये जलमार्गांसाठी संघटना काढली तेव्हा अनेक कालवे गाळानं आणि मोडक्या दारांनी बंद पडत चालले होते. पुढे त्या दोघांचं फाटलं. रोल्टना माल वाहणाऱ्या आणि बोटीवरच संसार करणाऱ्या माणसांची काळजी होती, एकमनना झाडून सगळे कालवे खुले हवे होते. १९५१ मध्ये रोल्टना स्वतःच उभ्या केलेल्या संघटनेतून बाहेर पडावं लागलं. १९६८ च्या कायद्यानं कालव्यांची तीन गटांत वाटणी केली: मालाचे, सहलीचे, आणि ‘उरलेले’. उरलेल्यांवर खर्च करायचं बंधन नव्हतं. तरी हडर्सफील्डचा अरुंद कालवा, जो १९४४ मध्ये अधिकृतपणे सोडून दिला होता, ज्याच्यावर काही ठिकाणी इमारती उभ्या राहिल्या होत्या, तो २००१ मध्ये ७४ जलपाशांसकट आणि स्टँडएजच्या पाच किलोमीटरच्या बोगद्यासकट पुन्हा खुला झाला. त्यामागे वर्षानुवर्षं सुटीच्या दिवशी फावडी घेऊन गाळ काढणारे स्वयंसेवक होते.

कालवा खुला करणं एकदाच असतं, सांभाळणं मात्र कायमचं. कनाल द्यू मिदीच्या काठच्या सुमारे ४२,००० प्लेन वृक्षांमध्ये २००६ मध्ये बुरशीची लागण पहिल्यांदा आढळली. ती दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांबरोबर युरोपात आली असं मानतात. रोगाला औषध नाही, आणि पाण्यातून तो पुढे जातो, म्हणून हजारो झाडं तोडून जाळावी लागली आणि दुसऱ्या जातीची लावावी लागली. असला खर्च कुठली पर्यटन कंपनी करणार? इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे ३,२०० किलोमीटर जलमार्ग २०१२ पासून एका न्यासाकडे आहेत, आणि त्याला मिळणारं सरकारी अनुदान २०२७ नंतर घटत जाणार आहे. तूट भरून काढायला २०२४ पासून, बोट कायमची बांधायला जागा नसलेल्या आणि सतत फिरत राहणाऱ्या बोटवाल्यांच्या परवान्यावर अधिभार लावला. त्यावरून ते चिडले, आणि माझ्या मते योग्य कारणासाठी चिडले. कालव्याच्या काठानं जी वाट आहे, जिच्यावरून पूर्वी घोडे बोटी ओढत, तिच्यावर आज बोटींत बसणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसं चालतात, पळतात, सायकल चालवतात, कुत्री फिरवतात, आणि परवाना त्यांच्यापैकी कुणालाच लागत नाही. लागूही नये. पण मग तो खर्च सगळ्यांच्या करातून यायला हवा, जसा रस्त्याचा आणि बागेचा येतो, आणि तो द्यायची तयारी नसेल तर बोटवाल्यांकडून थोडं जास्त आणि मोठ्या जहाजांकडून बरंच जास्त घेण्यावाचून मार्ग उरत नाही. जहाजवाल्यांकडून तरी तो धक्क्यागणिक घ्यावा, प्रवाशागणिक, आणि ज्या गावाला जहाज लागलं त्याच गावाच्या खात्यात जावा.